कळंब्यातली नऊ घरं

वर्षाराणी नाईक कोल्हापुरात शिकायला आली, तेव्हा तिचं पुढचं आयुष्य तिच्या गावी, नेसरीत, आधीच ठरून गेलं होतं. वडील हंबीरराव गावच्या दूध संस्थेत सेक्रेटरी. सकाळ-संध्याकाळ संस्थेच्या खिडकीत बसायचं, दुधाचं फॅट मोजून लावायचं आणि रांगेतल्या माणसांशी चार शब्द बोलायचे, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. त्याच रांगेपुढं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं, "आमची वर्षा तहसीलदार हुणार." तेव्हापासून ती एसटीतून उतरली की कुणी ना कुणी हाक मारायचंच, "काय तहसीलदारीणबाई, कवा आलासा?" ती लाजल्यासारखं करायची, पण तिला ते आवडायचं.

राजारामपुरीत तिने तीन मुलींबरोबर एक खोली घेतली होती. सकाळी बी.एस्सी.चं कॉलेज, दुपारी तिथल्याच एका गल्लीत स्पर्धा परीक्षेचा क्लास. क्लासच्या दारात फळा होता आणि दर सराव परीक्षेनंतर त्यावर पहिल्या दहा जणांची नावं लागायची. त्या फळ्यावर आपलं नाव कितवं, यावर वर्षाराणीचा आठवडा चांगला जायचा किंवा वाईट.

दुसरं वर्ष संपताना कॉलेजने फर्मान काढलं, की उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रत्येकाने सहा आठवडे कुठल्या तरी सामाजिक संस्थेत इंटर्नशिप करायची, त्याशिवाय निकाल हातात मिळणार नाही. संस्थांची यादी लागली. वर्षाराणीने त्यातली क्लासला सगळ्यात जवळची संस्था निवडली. संस्था काय काम करते, हे तिने अर्ज देऊन झाल्यावर वाचलं.

संस्थेचं नाव 'चाहूल'. एका मेडिकल दुकानाच्या माडीवर दोन खोल्या. लहान बाळांना ऐकू येतंय की नाही हे वेळेत शोधायचं आणि ज्यांना येत नसेल त्यांच्या आईबापांच्या मागे लागून पुढची तपासणी, कानाचं मशीन, बोलायला शिकवणं हे सगळं करून घ्यायचं, हे त्यांचं काम. घरोघरच्या तपासणीचं सगळं बाळाबाई बघायच्या. पन्नाशी ओलांडलेल्या, नऊवारी नेसणाऱ्या, आवाज असा की खालच्या मेडिकलवाल्याला वर काय चाललंय ते कळावं.

पहिल्याच दिवशी बाळाबाईंनी पाच-सहा विद्यार्थ्यांना समोर बसवलं. स्टीलची वाटी, चमचा आणि एक खुळखुळा पुढ्यात ठेवला.

"पोर आईच्या मांडीवर बसवायचं. आईनं पुढं खेळणं धरायचं. तुमी मागनं, पोराला दिसणार न्हाय असं, वाटीवर चमचा वाजवायचा. आधी डाव्या अंगाला, मग उजव्या. मग हळू आवाजात नाव घ्यायचं. पोर वळतंय का बघायचं. वळलं तर लिवायचं, न्हाय वळलं तर पंधरा दिसांनी परत जायचं. आईच्या सांगण्यावर जाऊ नगासा. प्रत्येक आईला वाटतंय की आपलं पोर ऐकतंय."

मग त्यांनी स्वतःच्या मुलाचं सांगितलं. कृष्णात त्याचं नाव, आता तिशीचा आहे, छापखान्यात कामाला जातो. "दार आपटलं की बघायचा. आमाला वाटायचं, ऐकतोय की. जमिनीला हादरा बसायचा, तो त्याला कळायचा, आवाज न्हवं. मी हाक मारायची आन ह्यो ढिम्म. चार वर्सांचा हुईस्तोवर त्याला हट्टी म्हणून मारलंय मी. हातानं मारलंय. ह्येच हातानं." बाळाबाईंनी तळहात पुढे केला आणि लगेच मागे घेतला. "तवा कुणी दाराशी वाटी-चमचा घिऊन आलं असतं तर."

वर्षाराणीने वहीत लिहून घेतलं, 'दार, हादरा.' पुढचे चार-साडेचार आठवडे तिने काम मनापासून केलं, हेही सांगितलं पाहिजे. वाटी वाजली आणि एखाद्या बाळाने गर्रकन मान वळवून तिच्याकडे टकामका पाहिलं, की तिला हसू फुटायचं. तिचे फॉर्म स्वच्छ असायचे, अक्षर वळणदार. बाकीचे 'शेरा' या रकान्यात एक रेघ ओढायचे, ती एक वाक्य लिहायची.

शेवटच्या आठवड्यात तिच्या वाट्याला शहराच्या कडेचं कळंबा आलं. तुरुंगाच्या पलीकडे नव्याने वाढलेल्या वसाहतीतली घरं होती, यादी तिथल्या आशाताईंनी दिलेली. मे महिन्याचं ऊन. घर सापडलं तर आई कामाला गेलेली, आई सापडली तर बाळ झोपलेलं. त्यात शनिवारी क्लासची मोठी सराव परीक्षा होती. मागच्या खेपेला फळ्यावर तिचं नाव तिसरं होतं. शुक्रवारी दुपारी यादीत नऊ घरं उरली होती आणि फॉर्म संध्याकाळी द्यायचे होते.

ती कळंबा तलावाच्या कट्ट्यावर झाडाखाली जाऊन बसली. थोडं टेकू आणि मग जाऊ, असं म्हणून बसली. पिशवीतून फॉर्म काढले. पहिल्या फॉर्मवर यादीतलं नाव आणि वय उतरवलं. डावा कान, हो. उजवा कान, हो. पेन दोनदा थांबलं. चौथ्या फॉर्मपर्यंत ते भराभर चालू लागलं. सगळे सारखे दिसू नयेत म्हणून तिने दोन पेनं आलटून पालटून वापरली. एका बाळाला तिने 'झोपेतून उठल्याने कुरकुर, तरी वळले' असं केलं. एकाला लाजाळू केलं. नववा फॉर्म होता हाफिजा रिजवान, वय अकरा महिने. तिथे शेऱ्यात तिने लिहिलं, 'आईने हाक मारल्यावर हसते.' लिहून झाल्यावर तिने ते वाक्य परत एकदा वाचलं. तिला ते चांगलं वाटलं.

शनिवारच्या परीक्षेत तिचं नाव फळ्यावर दुसरं लागलं.

इंटर्नशिपच्या समारोपाला बाळाबाईंनी नेमका तोच फॉर्म हातात घेऊन सगळ्यांना वाचून दाखवला. "असं लिवायचं. निस्तं हो-हो न्हाय. पोर डोळ्यांम्होरं उभं ऱ्हातंय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वर्षाराणीला 'उत्कृष्ट' असा शेरा असलेलं प्रमाणपत्र मिळालं. चार दिवस तिने ते पिशवीतून बाहेर काढलं नाही. पाचव्या दिवशी कॉलेज सुरू झालं आणि तो विषय डोक्यातून गेला.

दीड वर्ष उलटलं. ती बी.एस्सी. झाली, पूर्ण वेळ परीक्षेच्या तयारीला लागली. क्लासमध्ये मुलाखतीचा सराव व्हायचा, तेव्हा 'समाजासाठी काय केलंत' या प्रश्नाला ती चाहूलचं सांगायची. वाटी-चमच्याचं, मान वळवणाऱ्या बाळांचं. सर म्हणायचे, "हे छान आहे. हे सांगत जा." ती इतक्यांदा सांगत गेली, की कळंब्यातली ती नऊ बाळंही तिने पाहिलीच होती असं तिला वाटू लागलं होतं.

डिसेंबरात बाळाबाईंचा फोन आला. नाताळच्या सुट्टीत नवीन पोरं आली आहेत, त्यांना फॉर्म कसा भरायचा ते येऊन सांगशील का? ती इस्त्रीचा ड्रेस घालून गेली. नवीन विद्यार्थ्यांपुढे तिला खुर्ची दिली होती. तिचं बोलून झालं, चहा आला, आणि तेवढ्यात जिन्यावरून एक बाई लहान मुलीला कडेवर घेऊन आत आली. मुलीच्या छातीवर कापडी खिशात मशीनची डबी होती आणि तिच्यातून निघालेल्या दोन तारा कानांत गेल्या होत्या. मुलगी त्या सारख्या ओढत होती आणि आई सारखी बसवत होती.

"ही नुजहत," बाळाबाई विद्यार्थ्यांना म्हणाल्या. "हिची पोरगी अडीच वर्सांची झाली तवा आमच्याकडं आली. बोला, नुजहतभाभी, तुमीच सांगा ह्यास्नी, उशीर कसा हुतोय ते."

नुजहत बोलायला बिचकत होती. पदर सावरून म्हणाली, "मला चौदा म्हैन्यालाच वाटलं हुतं ओ. भांडं पडलं तरी झोपलेलीच. मी आशाताईला इचारलं. त्यांनी यादी बघटली आन म्हणाल्या, भाभी, हिची तपासणी झालीय, नॉर्मल हाय, काय काय पोरं उशिरा बोलत्यात. मी म्हणलं, आमच्या घराला तर कोण आलंच न्हाय. त्या म्हणाल्या, तुमी म्हायेरला असशीला, सासऱ्यांनी दाखवली असंल. सासऱ्यांना आठवंना. परत तीन म्हैन्यांनी इचारलं. परत तेच. मालक म्हणाले, कागदावर लिवलंय की, तू उगं मनाला लावून घिऊ नगंस."

बाळाबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "कुठलं गाव?"

"कळंबा."

बाळाबाई उठल्या. आतल्या खोलीतून जुनी फाईल घेऊन आल्या. बोटाने नावं शोधत त्यांनी फॉर्म काढला आणि मोठ्याने वाचला, "हाफिजा रिजवान. अकरा म्हैने. डावा, हो. उजवा, हो. आईने हाक मारल्यावर हसते." मग त्यांनी मान वर केली. "वर्षा, कळंबा तुझंच हुतं न्हवं?"

सगळे तिच्याकडे बघत होते. नवे विद्यार्थी, बाळाबाई, ती आई, आणि त्या आईच्या मांडीवरची तारा ओढणारी मुलगी. वर्षाराणीच्या कानात गरम वाफ भरल्यासारखं झालं. खरं बोलायला तिला एक शब्द पुरला असता. पण तिच्या तोंडून आलं ते असं, "हो. मीच केली होती तपासणी. तेव्हा वळली होती ती. ऐकणं नंतर गेलं असेल."

नुजहतचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तिने मुलीला जवळ ओढलं आणि स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मग त्यो तापच. तेरा म्हैन्याची असताना लई ताप आलता. मी दोन दिवस घरातच औषध दिलं. मालक म्हणत हुते, दवाखान्यात ने. मीच म्हणलं, उतरंल." तिने वर्षाराणीकडे पाहिलं. "माझ्यामुळंच झालं म्हणा की."

वर्षाराणीने नकारार्थी मान हलवली, पण ती का हलवतेय हे सांगितलं नाही. क्लासची वेळ झाली असं काहीसं पुटपुटत ती चहा तसाच टाकून जिना उतरली. रस्त्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं, की नव्या मुलांपैकी कुणीतरी मागून "थँक यू मॅडम" म्हणालं होतं.

पुढचे काही दिवस ती क्लासला गेली, वाचनालयात बसली, जेवली. पुस्तकाचं पान मात्र उलटत नव्हतं. तिला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटत होती, तर पहिल्या खोटेपणाची नाही. तेव्हा ती नऊ घरं म्हणजे नऊ कागद होते. पण त्या दिवशी समोर माणूस होतं. आपल्या तोंडातून निघालेलं वाक्य त्या माणसाच्या अंगावर कसं जाऊन बसलं, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तरी ती गप्प राहिली होती. सरांनी मुलाखतीच्या सरावाला नाव पुकारलं, तेव्हा ती पोटात दुखतंय म्हणून उठून आली.

बाराव्या दिवशी बाळाबाईंचा फोन आला.

"वर्षा, त्या नुजहतला तुला भेटायचं हाय. धड जेवत न्हाय ती, तापाचं घिऊन बसलीया. म्हणत्या, त्या ताईंनी माझ्या पोरीला ऐकताना बघटलंय. मला त्यास्नी इचारायचं हाय, हाफिजानं मान कशी वळवली, मी हाक मारल्यावर कशी हसली. निदान एकदा तरी तिनं माझा आवाज ऐकलता, एवढं मला कळू दे. मला तर ते आठवंना."

वर्षाराणी फोन कानाला धरून वाचनालयाच्या पायरीवर बसली. मग म्हणाली, "बाळाबाई, तुम्ही ऑफिसात आहात का? मी येते."

ती गेली तेव्हा बाळाबाई एकट्याच कानाच्या मशीनच्या बॅटऱ्या तपासत बसल्या होत्या. वर्षाराणी उभ्या उभ्याच बोलली. तलावाचा कट्टा, सराव परीक्षा, दोन पेनं, सगळं. बाळाबाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "किती घरं?"

"नऊ."

"आन त्या दिवशी तिच्या तोंडावर बोललीस, ते?"

"ते पण खोटंच."

बाळाबाई ओरडतील, हात उगारतील असं तिला वाटलं होतं. कदाचित तसं व्हावं अशी तिची इच्छाही होती. बाळाबाईंनी बॅटऱ्या डबीत भरल्या, झाकण लावलं. त्यांचा तो खणखणीत आवाज त्या दिवशी बसल्यासारखा झाला होता. "तुझा फॉर्म मी वाचून दावला पोरांस्नी. माझ्या तोंडानं." मग चपला पायात घालत म्हणाल्या, "चल. आधी तिच्या घरला."

नुजहत घरी साडीला फॉल लावत बसली होती. वर्षाराणीला दारात बघून तिचा चेहरा उजळला. हातातलं काम टाकून तिने खुर्ची पुसली, पाणी दिलं, चहा ठेवला. सासरे मौलाली दाराशी सतरंजीवर बसले होते. हाफिजा त्यांच्या पुढ्यात चमच्याने जमीन ठोकत होती.

"सांगा की ताई," नुजहत गॅसजवळूनच म्हणाली. "कुठं बसलतो आपण? हितंच?"

"भाभी, मी आलेच नव्हते."

"कवा?"

"तपासणीला. मी तुमच्या घरी आलेच नव्हते. तलावावर बसून मी तो फॉर्म भरला. हाफिजाला मी त्या दिवशी ऑफिसात पहिल्यांदा बघितलं."

नुजहत तिच्याकडे बघतच राहिली. "आन ते, हाक मारल्यावर हसते?"

"ते मीच बनवून लिहिलं."

चहा उतू गेला. मौलाली कष्टाने उठले आणि त्यांनी गॅस बंद केला. नुजहत तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. मग तिच्या तोंडून हळू आवाजात एकेक वाक्य येऊ लागलं.

"म्हंजे ताप न्हवता."

"नसेल, भाभी. माहीत नाही. पण मी वळली म्हणाले ते खोटं होतं."

"मी दोनदा इचारलतं. दोनदा. माझंच मला खुळ्यागत वाटायचं. सगळी म्हणायची, कागद हाय, कागद हाय." ती वर्षाराणीच्या तोंडाकडे बघत होती, जणू तिथे अजून काहीतरी लिहिलेलं असेल. "तुमाला पाच मिनटं लागली असती ओ. रस्त्यावर तर घर हाय आमचं."

वर्षाराणीने माफी मागायला हात जोडले. नुजहतने तोंड फिरवलं. मौलाली तिच्याजवळ आले. आवाज न चढवता, एखाद्या पाहुण्याला सांगावं तसं म्हणाले, "बेटी, तू जा आता."

कुणी शिव्या घातल्या असत्या तर त्या तिने अंगावर घेतल्या असत्या. या चार शब्दांचं काय करायचं ते तिला कळलं नाही. वसाहतीच्या तोंडापर्यंत ती बाळाबाईंच्या मागे चालत आली आणि मग रस्त्याच्या कडेच्या दगडावर खाली बसली. बाळाबाई बाजूला उभ्या राहिल्या. पाठीवरून हात फिरवला नाही, निघूनही गेल्या नाहीत. ती उठल्यावर म्हणाल्या, "आठ घरं ऱ्हायल्यात."

त्या दोघींनी दोन दिवसांत आठही घरं धरली. सात मुलं आता चांगली धावती-बोलती होती. आठवं कुटुंब इचलकरंजीकडे कुठेतरी राहायला गेलं होतं. घरमालकाकडे नंबर नव्हता. बाळाबाईंनी पुष्कळ चौकशी केली, पण ते मूल सापडलं नाही. ते आजतागायत सापडलेलं नाही. वर्षाराणीला कधी कधी हाफिजापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटते.

नुजहतला सांगितलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिचा नवरा रिजवान ऑफिसात आला होता. गाड्यांना रंग मारायचं काम करणारा माणूस, हाताला रंग तसाच. तो जिन्यापासूनच ओरडत आला. त्याला वर्षाराणीने तोंड दिलं नाही असं नाही, ती समोर उभी राहिली. पण तो तिला नाही, स्वतःलाच जास्त बोलत होता. "मीच म्हणालो हुतो तिला, कागदावर हाय. बायकोचं ऐकलं न्हाय आन ह्या कागदाचं ऐकलं." वर्षाराणीने सगळं लिहून सही करून दिलं. संस्थेने तिचे सहा आठवड्यांचे सगळे फॉर्म रद्द केले आणि ती सगळी घरं पुन्हा तपासली. कॉलेजला पत्र गेलं. कॉलेजकडून उत्तर आलं नाही. क्लासच्या सरांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "अशा गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात. मुलाखतीत तर नाहीच नाही." त्यानंतर ती त्या क्लासला गेली नाही.

घरी सांगायला तिला महिना लागला. नेसरीला गेली, तर हंबीरराव संस्थेच्या खिडकीतून नुकतेच येऊन चूळ भरत होते. तिने ओसरीवरच सांगितलं. ते ऐकत राहिले. तोंड पुसलं, टॉवेल खांद्यावर टाकला.

"तीस वर्सं फॅट लावतोय मी," ते म्हणाले. "सख्ख्या भावाचं दूध आलं तरी एक रीडिंग अंदाजानं लिवलं न्हाय." ते आत गेले आणि त्या दिवशी संध्याकाळी संस्थेत जाताना नेहमीच्या रस्त्याने गेले नाहीत, शेतांमधल्या पांदीने गेले. तहसीलदाराचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. गावात कुणी विचारलं तर हंबीरराव "बघू" एवढंच म्हणत.

वर्षाराणी कोल्हापूरला परतली आणि बाळाबाईंकडे गेली. म्हणाली, मला काहीही काम द्या. बाळाबाईंनी स्पष्ट सांगितलं, की घरोघरच्या तपासणीला तुला मी पुन्हा पाठवणार नाही. दर गुरुवारी मुलांना बोलायला शिकवण्याचा वर्ग असायचा. त्या दिवशी बाहेरच्या खोलीत बसून खेळणी धुवायची, मशीनच्या तारा तपासायच्या, एवढं काम तिला मिळालं. हाफिजा यायची, पण वर्षाराणी समोर नको, अशी नुजहतची अट होती. म्हणून त्या दोघी यायच्या तेव्हा वर्षाराणी गच्चीच्या जिन्यावर जाऊन बसायची. तिथून आतलं ऐकू यायचं. शिकवणाऱ्या बाई शंभरदा म्हणायच्या, "पा-पा." मग शांतता. मग पुन्हा, "पा-पा." हाफिजाच्या तोंडून पहिला 'पा' यायला चार महिने लागले. आत नुजहत रडली, ते तिला जिन्यावर ऐकू आलं. आत जायचा तिला हक्क नव्हता. ती तिथेच बसून राहिली.

त्या जिन्यावर तिने पुष्कळ विचार केला. तहसीलदार होऊन आपण काय करणार होतो? खुर्चीत बसून दुसऱ्यांनी भरलेल्या कागदांवर सह्या. त्यातला कुठला कागद घरी जाऊन भरला आणि कुठला तलावावर बसून, हे आपल्याला कधी कळलं असतं? आणि खरं म्हणजे, कळून घ्यायची आपल्याला गरज वाटली असती का? ती खुर्ची वाईट नव्हती. चांगली माणसंही त्या खुर्चीत बसतात. पण आपण त्यातले नाही, हे तिला स्वच्छ दिसलं. मूल रोज समोर असेल, न बघता काही लिहायची सोयच नसेल, असंच काम आपण करावं, असं तिला वाटू लागलं. कर्णबधिर मुलांना शिकवण्याच्या बी.एड.ची माहिती तिने त्या शिकवणाऱ्या बाईंकडूनच काढली.

बाळाबाईंना सांगितलं तेव्हा त्या खूश वगैरे झाल्या नाहीत. "पाप फेडायला निघाली असशील तर जाऊ नगंस," त्या म्हणाल्या. "पोरांस्नी तुझ्या पापाचं काय करायचंय? त्यास्नी शिकवणारी पायजे. मी बी कृष्णातला मारलंय. त्यानं त्याचा काय फायदा झाला? शिकवायला येत असंल तर जा."

ती गेली. दोन वर्षांचा अभ्यास तिने पुरा केला आणि शहरातल्याच एका कर्णबधिर मुलांच्या शाळेत लागली. काम तिला जमलं. मुलांच्या चेहऱ्यासमोर बसून एकेक अक्षर ओठांवर आणायचं, शब्दाला चित्र आणि खूण जोडायची, एका 'स'साठी महिनाभर थांबायचं. तिला घाई होत नव्हती. वर्गात ती मोकळेपणाने हसायचीही. मात्र प्रगतीपुस्तकं भरायच्या आठवड्यात ती गप्प गप्प असते, हे बाकीच्या शिक्षिकांच्या लक्षात आलं होतं. एखाद्या मुलाबद्दल खात्री नसली तर ती त्याला पुन्हा बोलावून, पुन्हा विचारून मगच लिहायची. सगळ्यांत शेवटी तिचीच पुस्तकं ऑफिसात जायची.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये पहिलीची नवी यादी तिच्या हातात आली आणि तिसऱ्या नावावर तिचं बोट थांबलं. ती तडक मुख्याध्यापिका वर्तकबाईंच्या खोलीत गेली, दार लावलं आणि सगळं सांगितलं. "हिच्या आईला विचारा," ती म्हणाली. "त्या नको म्हणाल्या तर दुसऱ्या तुकडीत घाला. मला पहिली नको असंही लिहून देते."

वर्तकबाईंनी नुजहतला बोलावलं. वर्षाराणी बाहेर व्हरांड्यात उभी होती, दार उघडंच होतं. मधल्या वर्षांत नुजहत बरीच वाळली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि थोडा वेळ विचार केला.

"ऱ्हाऊ दे त्यांच्याच वर्गात," ती म्हणाली. "दुसऱ्या बाई कशा असतील, मला काय ठावं? ह्या आता खोटं लिवणार न्हाईत. एवढं मला म्हायती हाय."

बाहेर आल्यावर ती वर्षाराणीपाशी थांबली नाही. हाफिजाचा हात धरून वर्गाच्या दाराशी घेऊन गेली, तिच्या कानातलं मशीन नीट बसवलं आणि निघून गेली.

आता हाफिजा दुसरीत आहे. तिचं बोलणं अनोळखी माणसाला निम्मं कळतं, निम्मं कळत नाही. हाताने ती भराभर बोलते. वर्गात सगळ्यात आधी हात वर तिचा असतो आणि उत्तर चुकलं तर बाईंवरच रागावते. लवकर सुरुवात झाली असती तर किती बोलली असती, याचा अंदाज वर्षाराणीला आता अभ्यासामुळे चांगला बांधता येतो. तेवढंच ज्ञान नको होतं, असं तिला वाटतं.

परवा पालकसभा झाली. नुजहत रांगेत शेवटी होती. तिची पाळी आली तेव्हा ती समोरच्या बाकावर बसली, पिशवी मांडीवर घेतली.

"ती घरात बेरीज बोटावरच करत्या," ती म्हणाली. "वजाबाकी जमना झालीया. काय करू?"

वर्षाराणीने तिला सांगितलं, की घरी चिंचोके घ्या, आधी मांडून, मग काढून दाखवा, रोज दहा मिनिटं. नुजहतने ते लक्षपूर्वक ऐकलं. पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग उठली आणि म्हणाली, "बरं, येते."

हाफिजा तोवर पटांगणात पळाली होती. नुजहत तिला शोधायला गेली. वर्षाराणी बाकं सरळ करायला लागली.